एकाच कढईतले जेवण, मग हिमोग्लोबिन वेगळे का?

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस तरी पालेभाजी असते. आमटी-भाजी लोखंडी कढईत होते. बीट, डाळिंब, खजूर, गूळ हेही चालू असते. जेवणानंतरचा कपभर चहा सोडला तर मला कसला नाद नाही. तरीही माझे हिमोग्लोबिन ९.६ आले. सासूबाई माझ्याच हातचे, त्याच कढईतले जेवतात, तेही माझ्यापेक्षा दोन घास कमीच. त्यांचे मात्र १२.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, पण त्या सुरू झाल्यापासून शौचाला काळे होते. म्हणजे गोळीतले लोहही अंगी लागत नाही का? पोटात गेलेले एवढे लोह जाते तरी कुठे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. ताटात लोह असूनही ते अंगी का लागत नाही, ही पहिली. एका घरचे जेवण जेवून दोघींच्या रक्तात एवढा फरक कसा, ही दुसरी. आणि गोळीतले लोह वाया जाते की काय, ही तिसरी. तिन्ही सुटतील, पण क्रमाने गेलेले बरे. आधी शरीराला लोह लागते तरी किती, ते पाहू.

लागते किती

प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यातला जवळजवळ दोनतृतीयांश भाग रक्ताच्या लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. फुफ्फुसात आलेला ऑक्सिजन घेऊन तो अंगभर पोचवायचे काम हिमोग्लोबिनचे, आणि त्यात ऑक्सिजनला प्रत्यक्ष धरून ठेवतो तो लोहाचा अणू. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी तयार होते, अवयवांना ऑक्सिजन अपुरा मिळतो आणि मग जिना चढताना धाप लागणे, कामात लक्ष न लागणे, झोप होऊनही थकवा न जाणे अशा तक्रारी सुरू होतात.

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती जुनी झाली की प्लीहेतल्या आणि यकृतातल्या पेशी तिला मोडतात, तिच्यातले लोह काढून घेतात आणि ते अस्थिमज्जेत नव्या पेशी घडवायला पाठवतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या घरासारखा हा कारभार आहे. नवे कापड अगदी थोडे आणावे लागते. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असे जुन्यातून नव्यात जाते. अन्नातून मिळवावे लागते ते दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर आणि रक्तस्रावात जेवढे जाते, तेवढेच भरून काढायचे असते.

एवढ्याशा लोहासाठी मग एवढी अडचण का? कारण जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. मीठ जास्त झाले तर मूत्रपिंडे ते लघवीवाटे काढून टाकतात. लोहाचे तसे नाही, हे रॉबर्ट मॅककान्स आणि एल्सी विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी १९३७ साली दाखवून दिले. शरीर लोहाचे प्रमाण सांभाळते ते आत घेतानाच. साठत गेलेले जास्तीचे लोह यकृताला आणि हृदयाला अपाय करते. म्हणून ते आत घेण्याच्या बाबतीत शरीर फार चोखंदळ आहे.

आतड्यात काय घडते

लोह शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. जठराला लागून असलेला हा भाग जेमतेम २५ सेंटिमीटर लांब आहे. जठरातले आम्ल अन्नातले लोह सुटे करते, विरघळवते. पण पुढच्या भागात शिरताच आम्लता उतरते आणि भाजी-धान्यातले लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊ लागते. विरघळलेले असेल तोवरच ते आतड्याच्या पेशीला घेता येते. रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचे लोह कमी भरण्याचे एक कारण हेच. सुरुवातीला विरघळवणारे आम्लच कमी पडते.

लोहाची रूपे दोन. मटण, मासे, कोंबडी यांत हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांतले लोह असते. त्याला आत शिरायची वेगळी वाट आहे आणि त्यातले साधारण १५ ते ३५ टक्के शोषले जाते. धान्य, डाळी, भाज्या, गूळ यांतले लोह सुटे, खनिज रूपातले असते. ते बहुतेक ‘फेरिक’ अवस्थेत असते. ते ‘फेरस’ अवस्थेत आले तरच पेशीत शिरते. त्यातले दोन टक्के शोषले जाईल की वीस टक्के, हे ठरते ते ताटातल्या इतर पदार्थांवर आणि त्या माणसाच्या गरजेवर.

गरज शरीर कसे ओळखते? यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्याचा शोध या शतकाच्या सुरुवातीला लागला आणि लोहाबद्दलची कितीतरी कोडी सुटली. साठा पुरेसा असेल तर हेप्सिडिन वाढते आणि आतड्याच्या पेशीतून रक्तात जायची वाट बंद करते. लोह पेशीतच अडकून राहते. आतड्याची पेशी तीन ते पाच दिवसांत झडते आणि तिच्याबरोबर ते लोहही शौचावाटे निघून जाते. साठा कमी असेल तर हेप्सिडिन उतरते आणि वाट मोकळी होते. लोह कमी असलेले शरीर त्याच जेवणातून जास्त लोह उचलते, ते यामुळे.

‘शरीर इतके शहाणे असेल तर माझे हिमोग्लोबिन कमी कसे?’ असे तुम्ही विचाराल. उत्तर असे की, वाट मोकळी असली तरी तिथवर विरघळलेले लोह पोचायला हवे. आपल्या ताटात त्याला अडवणारे पदार्थ पुष्कळ असतात.

अडवणारे आणि हात देणारे

पहिला चहा. चहातली टॅनिन आणि त्या जातीची इतर द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण होऊ देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातले लोह निम्म्याने किंवा त्याहूनही कमी शोषले जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. दूध घातल्याने हा परिणाम फारसा टळत नाही. कॉफीचेही तसेच, थोड्या कमी प्रमाणात. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवले तर हे नुकसान बरेच टळते. चहा सोडायची गरज नाही, त्याची वेळ हलवायची आहे.

दुसरे फायटेट. धान्य, डाळी, शेंगदाणे, तीळ यांत बी रुजताना लागणारे फॉस्फरस या रूपात साठवलेले असते. कोंड्यात ते जास्त. फायटेट लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना घट्ट धरते. हा परिणाम किती टोकाला जाऊ शकतो, ते इराणमध्ये दिसले. भारतात जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद १९५८ मध्ये शिराझला गेले. तिथे त्यांना एकवीस वर्षांचा एक रुग्ण भेटला, तो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता. अंगात रक्त नाही, वाढ खुंटलेली, वयात आल्याची खूण नाही. तसे आणखी रुग्ण सापडले. त्यांचे जेवण म्हणजे जवळजवळ नुसती न आंबवलेली गव्हाची भाकर, शिवाय त्यांना माती खायची सवय. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वाढ एवढी खुंटत नाही. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांवर काम करून प्रसाद यांनी १९६३ पर्यंत दाखवले की त्यांच्यात जस्ताचीही कमतरता होती. जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली. माणसाला जस्त लागते, याकडे जगाचे लक्ष गेले ते या कामामुळे.

हे वाचून भाकरी सोडू नका. प्रसाद यांच्या रुग्णांच्या ताटात दुसरे जवळजवळ काही नव्हते, हे विसरता कामा नये. शिवाय फायटेट मोडायची युक्ती आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. बियांमध्ये फायटेझ नावाचे एन्झाइम असते. कडधान्य भिजवून मोड आणले की ते कामाला लागते आणि फायटेटचे तुकडे करते. पीठ आंबवले तरी तेच होते. म्हणून मोड आलेली मटकी, आंबोळी, इडली, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील यांतले लोह नुसत्या पिठातल्या लोहापेक्षा सहज मिळते. भाकरीचे पीठ मळून लगेच तव्यावर जाते. एन्झाइमला वेळच मिळत नाही.

तिसरे कॅल्शियम. जेवणात दूध जास्त असले किंवा जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी घेतली तर त्या वेळच्या लोहाचे शोषण घटते. आशाताई गरोदर बायकांना लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

आता हात देणारे. त्यात सगळ्यांत भरवशाचे म्हणजे क जीवनसत्त्व. ते फेरिक लोहाला फेरस करते आणि आम्लता उतरल्यावरही विरघळलेले ठेवते. जेवणात पुरेसे क जीवनसत्त्व असेल तर धान्य-भाजीतल्या लोहाचे शोषण दुपटी-तिपटीने वाढू शकते. मात्र ते त्याच जेवणात हवे. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या भाकरीला उपयोगी पडत नाही. उष्णतेने ते नष्ट होते, म्हणून लिंबू वाढल्यावर पिळायचे, उकळत्या आमटीत नाही. लिंबाच्या एका फोडीपेक्षा एका पेरूत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते; जेवणाशेवटी पेरूच्या चार फोडी खाल्ल्या तर चहापेक्षा केव्हाही चांगले. मांसमच्छी खाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : मासे-मटणामुळे सोबतच्या भाकरी-भाजीतले लोहही जास्त शोषले जाते.

बीट, पालक, गूळ आणि कढई

तुमच्या यादीतल्या पदार्थांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्यांच्यावरच्या विश्वासापायी पुष्कळ घरांत खरे उपाय मागे पडतात.

बीट लाल असते ते बीटालेन या रंगद्रव्यामुळे. डाळिंबाचा लाल रंगही असाच, वेगळ्या रंगद्रव्याचा. त्या लालीचा रक्ताच्या लालीशी काही संबंध नाही. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपासच असते. बीट खावे, त्यात फोलेटसारखी चांगली द्रव्ये आहेत. पण ते खाऊन रक्त वाढेल या आशेवर बसू नये.

पालकाची ख्याती पॉपायमुळे घरोघरी पोचली. त्यामागे पालकातल्या लोहाच्या आकड्यात दशांशचिन्ह चुकल्याची गोष्ट सांगतात, पण त्या गोष्टीलाच पुरावा सापडलेला नाही. शंभर ग्रॅम पालकात तीनेक मिलिग्रॅम लोह असते. हे काही वाईट नाही, पण पालकातली टॅनिनसारखी द्रव्ये त्यातले थोडेच हाती लागू देतात. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात लोह फार तर एखादा मिलिग्रॅम, साखर मात्र जवळजवळ नऊ ग्रॅम. साखरेऐवजी गूळ घेतला तर ठीक. रक्त वाढावे म्हणून जास्तीचा गूळ खाण्यात अर्थ नाही. बाळंतिणीला देतात त्या हळिवात लोह खरोखर चांगले असते, फक्त लाडवाबरोबर चहा नको.

लोखंडी कढईची गोष्ट मात्र खरी आहे. आंबट आणि ओलसर पदार्थ तिच्यात जास्त वेळ शिजला की थोडे लोखंड विरघळून त्यात उतरते. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेली भाजी जास्त लोह घेते. कोरडी, तेलावर परतलेली भाजी कमी. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यांत शिजवलेले खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतले खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. तेव्हा कढई सोडू नका, फक्त शिजलेला आंबट पदार्थ तिच्यातच ठेवू नका. तो काळा पडतो आणि चव जाते. कढईतून आलेले लोहही खनिज रूपातलेच, त्यामुळे चहा आणि लिंबाचे सगळे नियम त्यालाही लागू.

दोघींच्या रक्तात फरक का

आता तुमच्या मुख्य कोड्याकडे येऊ. ते जेवणात नाही, खर्चात आहे.

पाळी थांबलेल्या बाईला दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह लागते. पाळी सुरू असलेल्या बाईचा हिशेब वेगळा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेले तर २० मिलिग्रॅम लोह गेले. ते महिन्याच्या दिवसांवर वाटले की रोजचा खर्च पाऊण मिलिग्रॅमच्या जवळपास वाढतो. म्हणजे एकूण गरज दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर गरज याच्याही पुढे जाते. गरोदरपणात तर बाळ, वार आणि वाढलेले रक्त मिळून सुमारे हजार मिलिग्रॅम लोह लागते. दोन बाळंतपणे जवळजवळ झाली तर साठा भरायला वेळच मिळत नाही.

समजा तुम्ही दोघी जेवणातून दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह घेता. त्यातले आठ टक्के शोषले गेले तर हाती येते १.२ मिलिग्रॅम. सासूबाईंना एवढे पुरून उरते. तुम्हाला रोज थोडे कमी पडते. त्यात जेवणावर चहा झाला की आवक आणखी घटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे, पुरुषासाठी १९. गरज दीड-दोन मिलिग्रॅमची असताना शिफारस एवढी मोठी का, ते यावरून कळेल. आपल्या जेवणातल्या लोहाचा फार थोडा भागच रक्तात पोचतो.

ही तूट लगेच दिसत नाही. आधी यकृतातला साठा संपतो, तेव्हा लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन रक्तात घटते. हिमोग्लोबिन उतरते ते त्यानंतर. म्हणून ९.६ हा आकडा कैक महिन्यांच्या, कदाचित वर्षांच्या तुटीचा असतो. पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे हीसुद्धा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचीच खूण असते. अंगाला कॅल्शियम हवे म्हणून असे होते, असा समज आहे, तो सोडून द्यावा आणि रक्त तपासून घ्यावे.

तुम्ही एकट्या नाही, हेही सांगायला हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. कित्येक घरांत बाई सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाते, हा त्यातला मोठा भाग आहे, आणि त्याला कोणतीही गोळी पुरी पडणार नाही.

गोळी आणि काळे शौच

गोळीत साधारण ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले दहा टक्के शोषले गेले तरी सहा मिलिग्रॅम, म्हणजे काही दिवसांच्या जेवणाइतके लोह एका गोळीत मिळते. उरलेले आतड्यातून पुढे जाते आणि शौचाला काळा रंग देते. तेव्हा काळे शौच म्हणजे गोळी फुकट जाते असे नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीचे असेल, किंवा गोळी बंद असतानाही काळे होत असेल, तर पोटात रक्तस्राव असू शकतो. मग वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

गोळीच्या बाबतीत हेप्सिडिनची एक गंमत आहे. एक मोठी गोळी घेतली की दिवसभर हेप्सिडिन वाढलेले राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी प्रमाणात शोषले जाते. झुरिकच्या संशोधकांना तरुण स्त्रियांत असे आढळले की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतला जास्त हिस्सा शोषला जातो. म्हणून काही डॉक्टर आता दिवसाआड गोळी देतात. तुमचे डॉक्टर रोज घ्यायला सांगत असतील तर आपल्या मनाने बदल करू नका, त्यांना विचारा. ताप किंवा जंतुसंसर्ग असतानाही हेप्सिडिन वाढते. जंतूंनाही वाढायला लोह लागते, ते त्यांना मिळू नये म्हणून शरीर लोह दडवून ठेवते. आजारपणात गोळीचा गुण कमी दिसतो, त्याचे हे एक कारण.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. दूध, चहा किंवा कॅल्शियमबरोबर नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालते, शोषण थोडे घटते एवढेच. हिमोग्लोबिन जागेवर आले की गोळी थांबवायचा मोह होतो, पण साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. लहान मुलांना या गोळ्या रंगीत चॉकलेटसारख्या वाटतात आणि जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेतते. त्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

शेवटी एक महत्त्वाचे. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असे नसते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आल्या आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास हाफकिन संस्थेत करू लागल्या. तो लोहाने बरा होत नव्हता, यीस्टच्या अर्काने झाला. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड, हे पुढे कळले. शाकाहारी घरांत पुष्कळदा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो. त्यात आणि थॅलेसेमियात डॉक्टरांना न विचारता लोह घेत राहणे धोक्याचे ठरू शकते. आतड्यात हुकवर्म असेल तर तो रक्त पितच राहतो आणि आवक कितीही वाढवली तरी पुरत नाही. म्हणून दोन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर फेरिटिन आणि लाल पेशींचा आकार तपासून घ्या. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर मूळव्याध, अल्सर किंवा आतड्यातला दुसरा काही रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहावे लागते.

प्रश्न : पालकात जवळजवळ दुधाइतकेच कॅल्शियम असते असे वाचले. आमच्या मुलाला दूध आवडत नाही. त्याऐवजी पालक दिला तर चालेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कागदावर चालेल, हाडांना चालणार नाही. पालकात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा क्षार बनवते. अमेरिकेतले रॉबर्ट हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये खास खूण केलेले कॅल्शियम देऊन पालक वाढवला आणि तो माणसांना खायला दिला. पालकातले जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शोषले गेले, दुधातले जवळजवळ २८ टक्के. म्हणजे एक कप दुधाची बरोबरी करायला मुलाला दिवसाला किलोभराहून जास्त पालक खावा लागेल, आणि ते कोणत्याही आईला जमणारे नाही.

पालकाऐवजी ज्यांत ऑक्झलेट फार कमी आहे अशा भाज्या निवडा : मुळ्याचा पाला, मोहरीची भाजी, नवलकोल, कोबी. दूध नको असले तरी दही, ताक किंवा पनीर चालत असेल तर प्रश्न बराच सुटला, कारण कॅल्शियम तेच आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. त्यातले काही फायटेटमध्ये अडकते, म्हणून मोड आणून केलेले सत्त्व किंवा आंबील जास्त चांगली. तुमच्याकडे मासे खातात, तर काट्यासकट कुरकुरीत तळलेली मांदेलीसारखी बारीक मासळी मुलाला जरूर द्या. कॅल्शियम काट्यांत असते, गरात फार नसते.

या सगळ्याला जोड हवी ड जीवनसत्त्वाची. ते कमी असेल तर आतडे अन्नातले दहा-पंधरा टक्केच कॅल्शियम उचलते, पुरेसे असेल तर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. आपल्याला ते मुख्यतः उन्हातून मिळते. खिडकीची काच ऊन आत घेते, पण त्यातले उपयोगी किरण बाहेरच अडवते. म्हणून मुलगा दिवसभर घरात आणि शाळेच्या वर्गात बसत असेल तर ताटातले कॅल्शियम वाढवण्याआधी त्याला रोज काही वेळ उघड्यावर खेळायला सोडा, आणि पाय दुखण्याची तक्रार असेल तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.